दोन डोंगर आणि एक सूर्य

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त चेंबूर येथे पालक व शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा पाठ. विषय : प्राथमिक शाळेतील चित्रकला आणि मुलांची सर्जनशीलता)



प्राथमिक शाळेच्या कोणत्याही वर्गात जाऊन 'मनाने एक चित्र काढा' असे सांगितले, तर बहुतेक वह्यांत एकच चित्र उमटते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधोमध उगवणारा सूर्य, डोंगरातून वळणे घेत येणारी नदी, काठावर कौलारू झोपडी, शेजारी नारळाचे झाड आणि आकाशात चार-दोन वक्र रेषांचे पक्षी. सांगितले होते 'मनाने' काढायला. परंतु चाळीस मुलांच्या चाळीस मनांतून एकच डोंगर कसा निघाला, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. चित्र नीटनेटके असते, रंग रेषेबाहेर गेलेला नसतो, म्हणून त्यावर 'छान' असा शेरा पडतो आणि वही मिटते.

हे चित्र काढणारे मूल चेंबूरचे आहे. त्याच्या खिडकीतून नदी दिसत नाही. दूरवर ट्रॉम्बेची टेकडी दिसते खरी, पण ती त्रिकोणी नाही. त्याला रोज दिसतात त्या माहुलकडच्या कारखान्यांच्या चिमण्या, हार्बर मार्गावरून धडधडत जाणारी लोकल, मोनोरेलसाठी उभारलेले उंच खांब, स्टेशनबाहेरचा भाजीबाजार, पावसाळ्यात एकमेकींना धडकणाऱ्या छत्र्या आणि देरासरच्या पायऱ्यांवर काढून ठेवलेल्या चपलांची रांग. यांपैकी काहीही त्याच्या वहीत येत नाही. जे डोळ्यांनी पाहिले ते चित्रात येण्यासारखे नाही आणि जे कधी पाहिले नाही तेच 'चित्र' होय, असे ते मूल वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी शिकून बसलेले असते. प्राथमिक शाळेतील चित्रकलेचा खरा प्रश्न येथून सुरू होतो. तो सुबक रेषेचा प्रश्न नाही. मुलाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास टिकतो की हरवतो, हा तो प्रश्न आहे.

नक्कल कोठून आली?

याचा दोष एकट्या शिक्षकाला देणे अन्यायाचे ठरेल. पाहून तसेच काढण्याच्या या पद्धतीला जुना इतिहास आहे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली. एका दात्याच्या औदार्यातून उभी राहिलेली ही संस्था पुढे भारतीय कलेच्या इतिहासातील एक मानाचे पान ठरली. परंतु त्या काळी चित्र शिकविण्याची रीत लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथून आलेली होती. कारागिराचा हात तयार व्हावा, रेषा अचूक यावी, यासाठी नमुन्यावरून आणि प्लास्टरच्या पुतळ्यांवरून काटेकोर प्रतिकृती काढणे हा तिचा पाया होता. कारागीर घडविण्याच्या दृष्टीने त्यात गैर काहीच नव्हते. कालांतराने शालेय चित्रकलाही याच वळणावर गेली. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा महाराष्ट्रातील घराघरांत ठाऊक आहेत. त्यांतील वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन यांचा अभ्यास माध्यमिक वयाच्या विद्यार्थ्याला शिस्त देतो, हेही मान्य करावयास हवे.

अडचण निर्माण होते ती ही शिस्त दुसरी-तिसरीच्या मुलावर लादली जाते तेव्हा. इंटरमिजिएटच्या श्रेणीवरून दहावीला अतिरिक्त गुण मिळू लागल्यापासून अनेक पालकांना तयारीची घाई झालेली दिसते. तेरा वर्षांच्या मुलाचा मापाचा पोशाख सहा वर्षांच्या मुलाला चढविला, तर त्याला चालताच येत नाही. चित्रकलेच्या बाबतीत मात्र असा पोशाख चढविणे हुशारीचे लक्षण मानले जाते.

बालचित्राचे स्वतःचे व्याकरण

व्हिएन्ना शहरात फ्रान्झ चिझेक या कलाशिक्षकाने १८९७ मध्ये केवळ मुलांसाठी चित्रवर्ग सुरू केला. मुलांचे चित्र हे मोठ्यांच्या चित्राची बिघडलेली आवृत्ती नसून तिचे स्वतःचे नियम आहेत, ही जाणीव त्या वर्गातून युरोपभर पसरली. पुढे व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या वाढीच्या पायऱ्या सविस्तर मांडल्या. दोन ते चार वर्षांचे मूल रेघोट्या मारते. त्या रेघोट्यांना ते हळूहळू नावे देऊ लागते. चार ते सात या वयात डोके आणि त्यालाच चिकटलेले हातपाय असा माणूस अवतरतो. सात ते नऊ या वयात कागदाच्या तळाशी जमिनीची एक रेषा येते आणि सारे जग तिच्यावर उभे राहते. नऊ वर्षांनंतर 'हे खऱ्यासारखे दिसत नाही' अशी खंत मुलाला स्वतःलाच वाटू लागते. याच टप्प्यावर 'मला चित्र येत नाही' असे म्हणून कित्येक मुले हातातला खडू कायमचा खाली ठेवतात.

प्राथमिक शाळेची वर्षे नेमकी या टप्प्यांतून जातात. या वयाचे मूल जे दिसते ते काढत नाही. त्याला जे ठाऊक आहे आणि जे महत्त्वाचे वाटते ते काढते. म्हणून आई इमारतीपेक्षा उंच होते. म्हणून घराची भिंत पारदर्शक होऊन आतली आजी, पंखा आणि जेवणाचे ताट दिसू लागते. म्हणून एकाच कागदावर सकाळचा सूर्य आणि रात्रीचे चांदणे शेजारी नांदतात. मोठ्यांना या चुका वाटतात. मुलाच्या लेखी ती पूर्ण विचारांती केलेली मांडणी असते.

जैन समाजातील पालकांना ही गोष्ट समजावून घेणे खरे तर सर्वांत सोपे जावे. पर्युषणात ज्या कल्पसूत्राचे वाचन होते, त्याची पश्चिम भारतातील सचित्र हस्तलिखिते जगभर नावाजली गेली आहेत. त्या चित्रांत चेहरा तीन-चतुर्थांश वळलेला असतो आणि पलीकडचा डोळा गालाची मर्यादा ओलांडून बाहेर आलेला असतो. असा डोळा कोणत्याही माणसाला नसतो. महालाची भिंत जणू बाजूला सारलेली असते आणि आतली शय्या स्पष्ट दिसते. खाली माता त्रिशला निद्रिस्त आहे आणि वर तिची चौदा स्वप्ने एकाच वेळी मांडलेली आहेत. जे क्रमाने घडले ते एका दृष्टिक्षेपात दाखविले आहे. ही चित्रे पाहून 'डोळा चुकला' असे कोणी म्हणत नाही. भाविक हात जोडतात आणि अभ्यासक भिंग घेऊन बसतात.

ते चित्रकार परंपरेत मुरलेले, कसलेले कलावंत होते. पहिलीतले मूल तसे नाही, हा भेद अर्थातच आहे. परंतु 'हुबेहूब म्हणजेच बरोबर' हा नियम त्या चित्रकारांनी पाळला नाही, हे तर खरे. ज्या समाजाने तो डोळा सहाशे वर्षे आदराने जपला, त्याच समाजातील घरात मुलाने आईचा हात लांब काढला म्हणून खोडरबर पुढे यावे, ही विसंगती विचार करण्यासारखी आहे. तो हात लांब आहे, कारण त्या हाताने त्याला सकाळी गर्दीत घट्ट धरले होते.

सेवाग्रामचा धडा

मुलांच्या चित्राकडे अशा नजरेने पाहणारी शाळा महाराष्ट्रात पूर्वीच होऊन गेली आहे. वर्धा येथे १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमचा विचार पुढे आला आणि सेवाग्राम हे त्याचे केंद्र बनले. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ मध्ये तेथे कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२ पर्यंत राहिले. सूतकताई, शेती, सफाई यांना वाहिलेल्या त्या शाळेत चित्र ही चैनीची वस्तू ठरण्याचा धोका होता. देवी प्रसादांनी ते होऊ दिले नाही. मुलाने दुसऱ्याच्या चित्राची नक्कल करू नये, मोठ्यांनी आपली आवड त्याच्यावर लादू नये आणि त्याच्या चित्राला स्पर्धेच्या तराजूत तोलू नये, हे त्यांच्या कामाचे सूत्र होते. पुढे त्यांनी आपल्या अनुभवावर ग्रंथ लिहिला. त्याच्या इंग्रजी आवृत्तीचे शीर्षकच 'कला : शिक्षणाचा पाया' अशा अर्थाचे आहे.

साधनांच्या बाबतीतही ही परंपरा डोळे उघडणारी आहे. देवी प्रसादांचे गुरुस्थान असलेले नंदलाल बोस यांनी १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाची सजावट बांबूसारख्या स्थानिक, साध्या साहित्यातून केली होती. तोच विचार ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणात रुजविला. ताराबाईंनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केले. १९४५ पासून बोर्डी आणि नंतर कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी काम उभे केले. तेथे पाने, बिया, शिंपले, माती हेच शिक्षणाचे साहित्य होते. महागड्या रंगपेटीवाचून मुलाचे काही अडत नाही, हे या मंडळींनी प्रत्यक्ष दाखवून दिले.

चेंबूरचे उंबरठे

सेवाग्रामला माती आणि बांबू होते. चेंबूरला काय आहे? उत्तर उंबरठ्यावरच सापडते. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे येथे आली आणि चेंबूर कॅम्प वसला. छेडानगरच्या परिसरात दक्षिण भारतीय कुटुंबांनी आपले मंदिर आणि आपले संस्कार जपले. गावठाणाची जुनी वस्ती तर त्याआधीपासूनची. त्यामुळे या एका उपनगरात सकाळी फेरफटका मारणाऱ्या मुलाला तीन प्रकारची चित्रे जमिनीवर दिसतात. तमिळ घरापुढे ठिपक्यांना वळसे घालत न तुटता जाणारी कोलमची रेषा, मराठी घरापुढे चिमटीतून सुटणारी रांगोळी आणि देरासरात पाटावर अक्षतांनी रेखलेली गहुली. स्वस्तिकाच्या चार बाजू म्हणजे चार गती, त्यावरील तीन पुंज म्हणजे दर्शन, ज्ञान, चारित्र्य ही रत्नत्रयी आणि वरची चंद्रकोर म्हणजे सिद्धशिला. आजीच्या शेजारी बसून तांदळाचा एकेक दाणा सरळ रेषेत सारणाऱ्या नातीला कोणी सांगत नाही की हा चित्रकलेचा तास आहे. मापात जागा भरणे, डावी-उजवी बाजू तोलणे आणि आकारातून अर्थ सांगणे या तिन्ही गोष्टी ती तेथे शिकते.

कलेचे हे स्थान परंपरेला अपरिचित नाही. जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी, सुंदरीला अंक आणि पुत्र अनंतविजयाला चित्रकला शिकविल्याचे वर्णन आहे. उपजीविकेच्या षट्कर्मांत असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य यांच्या पंक्तीत शिल्पही बसलेले आहे. समाजाने वाणिज्य आणि विद्या या दोहोंकडे उत्तम लक्ष दिले. शिल्पाचे पान मात्र मुलांच्या वेळापत्रकात शुक्रवारच्या शेवटच्या तासाला जाऊन बसले आहे, आणि तोही तास कित्येकदा अपुरे राहिलेले गणित पूर्ण करण्यासाठी वापरला जातो.

गुण वाढतील काय?

व्यवहारी पालकाचा प्रश्न असतो : चित्र काढून गणिताचे गुण वाढतील काय? याचे प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. अमेरिकेतील एलेन विनर आणि लोइस हेटलँड या अभ्यासकांनी अनेक संशोधनांचा एकत्रित आढावा घेऊन २००० मध्ये निष्कर्ष मांडला, की दृश्यकलेच्या शिक्षणामुळे इतर विषयांचे गुण वाढतात, असा भक्कम पुरावा मिळत नाही. तेव्हा चित्रकलेच्या नावाने गुणांचे आमिष दाखविणे योग्य नव्हे. मग चित्रवर्गात मूल शिकते तरी काय, याचा शोध त्याच अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह पुढे घेतला. बारकाईने पाहणे, नसलेली गोष्ट मनासमोर आणणे, मनातले व्यक्त करणे, जमले नाही तरी काम न सोडणे, आपल्याच कामाकडे मागे सरून पाहणे आणि चुकण्याची भीती न बाळगता नवे करून बघणे या सवयी त्यांना तेथे घडताना दिसल्या.

पेढीवर बसणाऱ्या, कारखाना चालविणाऱ्या किंवा रुग्ण तपासणाऱ्या कोणाही अनुभवी माणसाला विचारावे, या सवयींची किंमत किती. गणिताच्या पुस्तकात प्रत्येक उदाहरणाचे उत्तर शेवटी छापलेले असते. कोऱ्या कागदाच्या पाठीमागे उत्तर नसते. उत्तर नसलेल्या जागी स्वतःच्या जबाबदारीवर पहिली रेषा ओढण्याचा सराव प्राथमिक शाळेत चित्रकलेइतका सहज दुसरा कोणता विषय देतो?

कायद्यातील रिकामी जागा आणि सुवर्णमहोत्सवी संकल्प

शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, पटसंख्या शंभराहून अधिक असल्यास, कलाशिक्षणाकरिता अर्धवेळ निदेशकाची तरतूद आहे. पहिली ते पाचवीसाठी अशी स्वतंत्र तरतूद नाही. म्हणजे ज्या वयात मूल आपणहून चित्र काढते, त्या वयात त्याच्याजवळ जाणकार माणूस असलाच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही. आणि ज्या वयात बहुतेकांनी खडू खाली ठेवलेला असतो, तेथे तो माणूस पोहोचतो. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने कलेला मुख्य प्रवाहात आणण्याचा आग्रह धरला. बालभारतीने 'खेळू, करू, शिकू' हे प्राथमिक वर्गांसाठीचे पुस्तकही दिले. परंतु पुस्तक मुलाच्या चित्राकडे पाहू शकत नाही. त्यासाठी माणूसच लागतो.

ही रिकामी जागा भरण्याचे काम समाजाच्या संस्था करू शकतात. इमारत, संगणक, वाचनालय यांसाठी दात्यांचा हात नेहमीच मोकळा राहिला आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात परिसरातील प्राथमिक शाळांसाठी कला शिक्षक पदविका घेतलेल्या एका शिक्षकाच्या मानधनाची व्यवस्था झाली, तर त्या दानावर नावाची पाटी लावता येणार नाही. मात्र ते शेकडो मुलांच्या डोळ्यांत राहील.

बाकीच्या गोष्टींना पैसा फारसा लागत नाही. व्यापारी पेढ्यांत आणि कचेऱ्यांत रोज जमणारे पाठकोरे कागद शाळेकडे वळविता येतील. आठवड्यातून दोन सुटे तास देण्याऐवजी एक जोडतास द्यावा, कारण रंग कालवेपर्यंतच पस्तीस मिनिटे संपतात. शिक्षकाने फळ्यावर नमुना काढू नये; 'आज शाळेत येताना काय पाहिले?' एवढे विचारून मुलांना बोलते करावे. चित्र पुढे आल्यावर 'हे काय काढलेस?' असे न विचारता 'इथे काय चालले आहे, सांग बघू' असे म्हणावे. पहिल्या प्रश्नात शंका असते, दुसऱ्यात कुतूहल. पट्टी आणि खोडरबर त्या तासापुरते दप्तरात राहू द्यावेत. भिंतीवर निवडक पाच चित्रे न लावता सर्वांची लावावीत, तीही मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. वर्षातून एकदा हार्बर लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मुलांना न्यावे. प्रत्येकाने एकाच वस्तूपुढे दहा मिनिटे बसावे आणि परतावे. सारे संग्रहालय धावत पाहण्यापेक्षा ते अधिक पदरात पडते.

पालकांकडून तर एकच अपेक्षा आहे. पहिलीपासून चौथीपर्यंतच्या चित्रांची एक फाईल घरात असावी आणि प्रत्येक चित्रामागे तारीख व मुलाने सांगितलेले दोन शब्द लिहून ठेवावेत. जमाखर्चाच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या घरांना ही एक फाईल जड जाऊ नये. चार वर्षांनी ती उघडून पाहिली, म्हणजे कोणत्याही प्रगतिपुस्तकात न उतरलेली वाढ तेथे दिसेल.

आणि एखाद्या पावसाळी दुपारी मुलाने डोंगर व सूर्य न काढता माहुलची चिमणी काढली, तिचा धूर जांभळा रंगविला, खाली छत्र्यांची गर्दी काढली आणि त्या गर्दीत सर्वांहून उंच, लांब हाताची आई काढली, तर घरच्यांनी रबर शोधू नये. खाली बसावे आणि विचारावे, 'इथे काय चालले आहे, सांग बघू.' सांगायला त्याच्याजवळ पुष्कळ काही असेल.

जय जिनेंद्र!